करंट न देणारी गाडी

गाडी बंद पडली की धक्का मारायचा, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबली आणि ड्रायव्हरनं खाली उतरून नुसतं इकडंतिकडं पाहिलं, तरी शेतातनं चार माणसं चालत येतात. कोण, कुठला, कुठल्या पक्षाचा, कुणी विचारत नाही. खांदा लावतात, इंजिन गुरगुरतं, माणसं हात झटकून आपल्या वाटेनं जातात. माझे वडील चळवळीची पत्रकं छापायचे. घरात पलंगाखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं पत्रकंच पत्रकं होती आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली; आता मीही पत्रकं लिहिते. पण एकजूट म्हणजे काय, हे मला त्या धक्क्यानं आधी शिकवलं.

म्हणूनच आत्याच्या गाडीचा मला पहिल्यापासून राग होता. ती धक्क्यानं चालू होत नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, आता धाराशिवला एकटी राहते. निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली आणि एक सेकंडहँड हायब्रिड घेऊन आली. पेट्रोलवरही चालते, पोटातल्या मोठ्या बॅटरीवरही. सिग्नलला उभी राहिली की इतकी गप्प होते की बंद पडली असं वाटतं. दोनदा खरंच बंद पडली. एकदा तुळजापुरात, एकदा नळदुर्गच्या अलीकडं. दोन्ही वेळा माणसं धावली, खांदे लावले, घामाघूम झाली. गाडी जागची हलली नाही. शेवटी क्रेन आली.

पुण्याहून आत्याच्या मुलाचा, राजूदादाचा फोन आला. "आई, वीक ती गाडी. ह्या वयात रस्त्यावर उभं राहायचं काय खूळ आहे?" वाद वाढला तेव्हा आत्यानंच शब्द देऊन टाकला: तिसऱ्यांदा रस्त्यात बंद पडली, तर किल्ली तुझ्या हातात. शब्द दिला की आत्या मोडत नाही, हे दादाला माहीत होतं. येत्या रविवारी तो यायचाच होता.

गॅरेजवाल्यानं सांगितलं की गाडी चांगली आहे, तिची बारा व्होल्टची छोटी बॅटरी तेवढी मधूनच झोपते. जवळ करंट देणारा डबा ठेवा, जंप स्टार्टर, म्हणजे कुठंही तुमची तुम्हाला उठवता येईल. दादा म्हणाला, "ऑनलाइन मागव, उद्या दारात येईल." मी म्हणाले, वस्तू हातात न घेता घ्यायची हे मला मान्य नाही. आत्याचं कारण वेगळं होतं. "चित्र बघून नवरा निवडला होता," ती म्हणाली, "यंत्र तरी बघून घेते."

असा आमचा प्रवास ठरला. गुरुवारी उमरगा, शुक्रवारी येडशीवरून ईट. ईटला तिची मैत्रीण कमलमावशी राहते.

"तिथं काय काम आहे?" मी विचारलं. मला वाटलं, बचत गट असेल, एखादी सभा असेल.

"काम कशाला पायजे? कमलच्या ओट्यावर बसून चहा प्यायचाय. लिही तुझ्या पत्रकात."

उमरगा

तुम्ही उमरग्याला गेला नसाल तर एवढंच सांगते की ते गाव ट्रकांच्या पायाशी वसलंय. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावाच्या अंगातनं जातो. टायरांचे ढीग, डिझेलचा वास, दवाखान्यांच्या पाट्या, आणि चहाच्या एकाच बाकावर मराठी, दखनी आणि कन्नड. चैत्राचं ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

आमचा जीव सगळ्या वाटेभर टांगणीला. तुळजापुरात चहाला थांबलो तेव्हा आत्यानं गाडी बंदच केली नाही. मी उतरून दोन कप काचेतनं आत दिले. नळदुर्गचा किल्ला मला नेहमी पाहायचा असतो. ह्या खेपेला तो नुसता मागं गेला. गाडीतली प्रत्येक टकटक मी मोजत होते.

साजिदभाईंचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान बसस्टँडपासून लांब नाही. आत्यानं त्यांना चौथीत शिकवलंय. दाढी पांढरी झालेला माणूस तिला पाहताच स्टुलावरनं उठून उभा राहिला.

"बाई! तुमी? आन् गाडी कोन चलाया?"

"मीच."

"या अल्ला," ते म्हणाले आणि पंखा आमच्याकडं वळवला.

आधी जेवण. दुकानामागच्या खोलीतनं त्यांच्या घरच्यांनी खिचडी आणि खट्टा पाठवला. पिवळी मोकळी खिचडी आणि वर चिंचेचं, तिळाचं आंबट पातळ. आमच्याकडं खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. इथं ती पाहुण्याची. मी तीनदा खट्टा मागून घेतला आणि आत्यानं मला डोळ्यानं दटावलं.

मग काउंटरवर तीन डबे आले. एक विटेएवढा, एक पावाएवढा, एक जाडजूड मोबाइलएवढा. चहाला आलेले दोन ट्रक ड्रायव्हर लगेच सल्लागार झाले.

"मोठा घ्या मावशी. ह्यानं माझा दहा चाकी उठतो."

"हत्तीची साखळी शेळीला कायकू?" साजिदभाई म्हणाले. "बाईंच्या गाडीत तसला स्टार्टरच न्हाय. तुमच्या ट्रकला इंजिन घुमवाया जोर लागतो. हिची छोटी बॅटरी फक्त आतला कॉम्प्युटर जागा करती. तो जागा झाला की पोटातली मोठी बॅटरी पुढचं बघती. हिला हाक पायजे, धक्का नको."

मी खोक्यांवरचे आकडे वाचत होते. हजार अँपियर, दोन हजार अँपियर. साजिदभाई हसले. "तो आकडा एका पलकेचा हाय, बेटा. पलक झपकली, आकडा खतम." मला निवडणुकीतली पत्रकं आठवली. तिथंही आकडा मोठा आणि टिकाव तेवढाच. मग खरं काय बघायचं, ते त्यांनी एकेक करून दाखवलं. चिमटे उलटे लागले तर डबा स्वतःहून नाही म्हणतो का. बॅटरी पार मेलेली असेल तर दाबून धरायचं बटण आहे का, कारण पूर्ण मेलेली बॅटरी डब्याला दिसतच नाही. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो का.

"आन् ठेवनार कुठं?" त्यांनी विचारलं.

"डिक्कीत," आत्या म्हणाली.

साजिदभाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, डिक्की बटनावर उघडती. बॅटरी मेली की डिक्की बंद. आन् डबा आत! चाबी तिजोरीत ठेवून तिजोरीला कुलूप लावल्यासारखं."

चौथीतल्या विद्यार्थ्यानं चूक काढल्यावर आत्या जशी हसली, तसं मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. गाडीतही ठेवायचा नाही, उन्हात बंद गाडी भट्टी होते आणि असले डबे फुगतात. म्हणजे जिथं जाल तिथं बरोबर न्यायचा, पाण्याच्या बाटलीसारखा. आत्यानं लगेच आपली कापडी पिशवी रिकामी केली.

बॉनेटखाली फ्यूजच्या पेटीत लाल टोपण दाखवून, काळा चिमटा कुठल्या बोल्टला लावायचा ते सांगून, साजिदभाईंनी आवाज खाली आणला. "एक बात. ही गाडी करंट घेती. देत न्हाय. कुनी मागितला तर नको म्हना. छोटी जान हाय हिच्यात, दुसऱ्याचं इंजिन तिला पिऊन टाकील."

"घेते आणि देत नाही?" मी म्हणाले. "मग ही सावकाराची गाडी आहे."

"गाडी हाय बेटा. भाषन-तकरीर नको करू."

आम्ही सगळ्यात लहान डबा घेतला. मी वहीत लिहिलं: पुरेल तेवढंच घ्यावं, जास्त म्हणजे हाव. वाक्य मला फार आवडलं होतं. साजिदभाई मात्र म्हणाले, "आठ दिवस वापरून बघा. न्हाय जमला तर बदलून ने." मग स्वतःच हसून, "न्या, न्या. बाईंसमोर जीभ अडखळती."

रामलिंगचा घाट

शुक्रवारी सकाळी आम्ही येडशीच्या रस्त्याला लागलो. पिशवी माझ्या मांडीवर. डब्यावरचे चारही दिवे हिरवे होते. मी ते दर दहा मिनिटांनी बघत होते.

रामलिंगच्या जंगलात ह्या दिवसांत हिरवं फार नसतं. वाळलेलं गवत, उघडी झाडं, आणि वळणावळणावर माकडं, रस्त्याचे मालक असल्यासारखी. एका वळणाखाली रस्ता सोडून थोड्या खोलगट जागेत एक पिकअप उभी होती. मागं कोकरं, अंथरुणं, भांडी, आणि एक बाई पदरानं कोकरांना वारा घालत होती. एक माणूस हातात जाड वायर घेऊन रस्त्यावर आला.

"मावशी, करंट द्या की जरा. पोरांनी रातभर गानी लावली. बॅटरी बसली बगा."

त्याचं नाव मायाप्पा. मेंढरं भावांबरोबर पायी पुढं गेली होती. चालू न शकणारी कोकरं पिकअपमध्ये होती. ऊन वर चढत होतं. दोन कोकरं जीभ काढून पडली होती.

रस्त्यावर करंट मागितला तर नाही म्हणायचं नसतं. पाणी मागितल्यावर म्हणत नाही, तसंच. खोलगटातनं धक्क्यानं वर काढायला आम्ही चौघं पुरलो नसतो, म्हणून मी आधी डबा काढला. चिमटे लावले. मायाप्पानं किल्ली फिरवली. टक. टक. डब्यावर लाल दिवा. पुन्हा केलं. टक. चारातले दोन दिवे गेले आणि पिकअप ढिम्म.

"ह्यो खेळण्यातला हाय व्हय?" मायाप्पानं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मी वायर हातात घेतली. आत्या म्हणाली, "साजिदनं काय सांगितलंय?"

आणि मी बोलले. यंत्राच्या पुस्तकातला नियम माणसाच्या नियमाहून मोठा नसतो. सगळं घेऊन काहीच न देणारी वस्तू आपल्या दारात असणं हीच शरमेची गोष्ट आहे. बरंच बोलले. आत्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती कोकरांकडं बघत होती.

"लाव," ती म्हणाली.

आम्ही गाडी बंद करून वायर जोडली. तेवढी काळजी पुरेल असं मला वाटलं. मायाप्पानं किल्ली फिरवली. पिकअप घरघरली, थरथरली, आता उठणार असं वाटलं, आणि बसली. त्याच क्षणी आमच्या गाडीत काहीतरी फडफडलं आणि सगळं काळं झालं. आत्यानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दाराचं कुलूपसुद्धा मेलं होतं.

तिसऱ्यांदा. रस्त्यात. आणि माझ्या हातानं.

मी वायर सोडवली. आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून गाडीसमोर उभी राहिली. तेव्हा ती मला पहिल्यांदा म्हातारी दिसली. मग तिनं पदर खोचला.

"डबा आण. दोन दिवे हायेत ना?"

"आत्या, तो पिकअपला पुरला नाही."

"हिला पुरंल. हिला हाक पायजे, धक्का नको. विसरलीस व्हय?"

लाल टोपण तिनं स्वतः उघडलं. लाल चिमटा लालला, काळा बोल्टला. डब्याचा दिवा पेटला नाही. बॅटरी पार रिकामी होती, डब्याला ती दिसतच नव्हती. आत्यानं बटण दाबून धरलं आणि मोठ्यानं आकडे मोजले, वर्गात मोजायची तसे. दिवा हिरवा झाला. "धरून ऱ्हा," मला म्हणाली आणि आत जाऊन बसली. ब्रेक दाबला, बटण दाबलं. डॅशबोर्ड उजळला आणि हिरवं 'रेडी' उमटलं. आवाज काहीच नाही.

"चालू झाली?" मायाप्पानं विचारलं.

"झाली."

"आवाज न्हाय की."

"बोलत न्हाय फारशी," आत्या म्हणाली. "चिमटे काढ गं पोरी. मी येते."

ती मला आणि मायाप्पाला तिथंच सोडून येडशीकडं निघून गेली.

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. ती परत येईल का, वाटेत पुन्हा बंद पडेल का, मला काहीच माहीत नव्हतं. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. मायाप्पाची बायको शेवंता शेवटी म्हणाली, "बसा की ओ ताई. तुमचं बघून कोकरंबी उठाया लागली." आम्ही कोकरं खाली उतरवली, झाडाच्या सावलीत ठेवली, माझ्या बाटलीतलं पाणी तिनं ओंजळीनं त्यांना पाजलं. एक कोकरू माझ्या ओढणीचं टोक चघळत झोपलं.

मग गाडी दिसली. ऐकू आली नाही, दिसलीच. पुढं एक माणूस, मागं चार कोंबलेली. येडशी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेले सगळे आत्यानं उचलून आणले होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मायाप्पा स्टिअरिंगवर, सहावा खांदा माझा. पिकअप खोलगटातनं वर काढताना माझी चप्पल तुटली. उताराला लावली, "हां, सोड!" कुणीतरी ओरडलं, आणि ती काळा धूर सोडून दणदणत चालू झाली. पाचही जणांनी हात झटकले. एकानं आमच्या गाडीकडं पाहिलं.

"बाई, हिलाबी मारायचा का धक्का? आलोच हाव तर."

"ही लाजाळू हाय," आत्या म्हणाली. "हात लावला की बसती."

कोकरं चढवली आणि ते पाचजण पिकअपमध्येच उभे राहून येडशीला परत गेले.

ईट

वाशी गाव मागं टाकून आम्ही ईटच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधेच एखादी चिंच. मी म्हणाले, "चूक माझी आहे. दादाला मी सांगते. गाडी आपणहून बंद पडली नाही, त्यामुळं तुमचा शब्द लागू होत नाही." मुद्दा पक्का होता. तीन अंगांनी मांडता आला असता.

आत्या म्हणाली, "रस्त्यात बंद पडली का न्हाय?"

"पडली. पण..."

"मग."

कमलमावशीनं धपाटे केले होते, वर दही आणि लसणाची चटणी. मग ताटलीत ताजा खवा आला, नुसता. ह्या बाजूला म्हशी चिक्कार, त्यामुळं खवा आमच्याकडं गूळ ठेवतात तसा घरात असतो. आत्यानं पिशवीतनं डबा काढून कोनाड्यात ठेवला.

"हे काय, बीपीचं मशिन?" कमलमावशीनं विचारलं.

"गाडीचं."

"गाडीला बीपी हाय?"

दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला. मी ओट्यावर वही उघडून बसले आणि गुरुवारचं वाक्य पुन्हा वाचलं. पुरेल तेवढंच घ्यावं. पुरेल, पण कुणाला? डबा आम्हाला पुरला. रस्त्यावरच्या माणसाला पुरला नाही. जी गाडी स्वतः काही देऊ शकत नाही, तिच्या मालकानं तरी दुसऱ्याला पुरेल असं काही जवळ ठेवायला नको? मी ते वाक्य खोडलं. कागद फाटला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. आत्यानं तो सगळ्यांसमोर घेतला.

"पडली," ती म्हणाली. "रामलिंगच्या घाटात... व्हय, तिसऱ्यांदा... ठरलंय तसंच. रविवारी ये. किल्ली घे."

फोन ठेवून तिनं उरलेला खवा माझ्या ताटलीत सरकवला. मी वही मिटली.

पुन्हा धाराशिव

रविवारी सकाळी दादा आला. आत्यानं पाणी दिलं, चहा दिला आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "घेऊन जा."

दादा जरा वरमला. "आई, आजच असं नाही..."

"शब्द म्हणजे शब्द. ने."

त्यानं बटण दाबलं. काही नाही. शनिवारी संध्याकाळपासून आत्यानं आतला दिवा आणि रेडिओ लावून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. साजिदभाईंना कळलं तर ती त्यांची बाई असूनही शिव्या देतील. दादानं बॉनेट उघडून बॅटरी शोधली. तिथं ती नव्हतीच, ह्या गाडीत ती डिक्कीत असते. डिक्कीकडं गेला, डिक्की उघडेना. एव्हाना गल्लीतली माणसं आली, खांदे लावले. गाडीनं पाय रोवले होते. दादा घामानं निथळत पायरीवर बसला. आत्या शेजारी मटकी निवडत होती.

"आई, ही उठते कशी?"

"मला उठवता येती. म्हनून माझी हाय. तुला येत न्हाय तर नेनार कशी?"

गल्ली हसली. दादाही शेवटी हसला. आत्यानं पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि पायरीवरनं न उठता एकेक गोष्ट सांगितली. लाल कुठं, काळा कुठं, बटण किती वेळ. दोनदा त्याचं चुकलं, दोनदा तिनं पहिल्यापासून करायला लावलं. 'रेडी' उमटलं तेव्हा त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. गाडीतनं उतरला, दार उघडंच ठेवलं आणि आईला स्टिअरिंगकडं हात दाखवून म्हणाला, "बस."

त्याच दुपारी आम्ही तिघं उमरग्याला गेलो. लहान डबा देऊन मधला घेतला, पावाएवढा, डिझेलची पिकअप उठवणारा. साजिदभाईंनी कारण विचारलं. आत्या म्हणाली, "ही घेती, देत न्हाय. आमाला द्यायचंय." त्यांनी एक जाड कापडाचा तुकडा आणून डबा त्यात गुंडाळून दिला.

परतताना आत्या चालवत होती. दादा मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी. नळदुर्गच्या पुढं एक टेम्पो रस्त्याच्या कडेला थांबलेला दिसला. ड्रायव्हर खाली उतरून इकडंतिकडं पाहत होता.

आत्यानं गाडी बाजूला घेतली.

"राजू," ती म्हणाली, "उतर. डबा घे."